खुर्च्या उचलण्यापलीकडे: मैदानावरच्या तरुण स्वयंसेवकांविषयी

१९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने भारताने नेपाळला हरवून जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे असल्यामुळे गावोगावच्या मैदानांवर त्या विजयाचा परिणाम लगेच दिसू लागला. जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील आमच्या गावात आम्ही काही जण नोकरी आणि शेती सांभाळून संध्याकाळचा खो-खोचा वर्ग चालवतो. तेथे मुलींची संख्या एवढी वाढली की मधल्या पाटीत आठ जणी बसल्या आणि नववी पाठलागाला उभी राहिली, तरी कडेला ताटकळणाऱ्यांची रांग काही संपत नसे. मैदान होते, खांब होते, फक्कीची गोणीही होती. कमी पडत होती ती माणसे: लहान मुलांचे गट पाडणारी, त्यांची नावे पाठ असणारी, पडलेल्याला उचलणारी आणि दोन दिवस न आलेल्याच्या घरी डोकावणारी. अशी माणसे गावातल्या तरुणांमधूनच मिळाली पाहिजेत हे उघड होते. ती कशी मिळतात आणि मिळाल्यावर कशी टिकतात, याविषयी आमचा जो काही अनुभव जमा झाला आहे, तो येथे लिहीत आहे.

'आजकालच्या पोरांना सेवेची आवड नाही' हे वाक्य अशा प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतोच, आणि पुष्कळदा त्याला जोडून फैजपूरचा दाखला दिला जातो. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि त्यासाठी आसपासच्या गावांतील तरुण राबले, हे खरेच आहे. मात्र त्या तरुणांना काम काय, किती दिवसांचे आणि कोणाच्या हाताखाली, हे स्पष्ट माहीत होते, एवढी गोष्ट दाखला देणारे सोयीस्कर विसरतात. आजच्या तरुणाला आपण समाजमाध्यमावर एक चित्र पाठवतो, त्यावर 'स्वयंसेवक हवेत, संपर्क साधा' एवढेच लिहितो आणि कोणी आले नाही की पिढीला नावे ठेवतो. आमच्याकडेही अशा आवाहनाला अंगठ्याच्या खुणा भरपूर आल्या. मैदानावर मात्र कोणी आले नाही.

जी मुले आम्हाला मिळाली, ती आधीपासूनच मैदानावर होती. खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभे राहिले, तर भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण असतात. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा. आमच्याकडचा एक मुलगा तो गोळा खताच्या रिकाम्या गोणीत घालून सायकलच्या हँडलला अडकवून आणत असे आणि सायकल सतत एका बाजूला ओढली जात असल्यामुळे दुरूनही ओळखू येत असे. ही मुले शिस्तीची असतात, वेळ पाळतात, घड्याळ लावून धावतात, आणि दोन भरत्यांच्या मधल्या काळात त्यांना एकटेपणाही बराच येतो. त्यांना 'समाजसेवा करा' असे म्हटले की ती गप्प राहतात. 'तू रोज येथे असतोसच. सहा ते सात या वेळेत या दहा मुलांचे धावणे तू बघशील का?' असे एकेकाला समोर उभे राहून विचारले की बहुतेक जण हो म्हणतात, आणि जे नाही म्हणतात ते कारण सांगून नाही म्हणतात.

समोर जाऊन विचारण्याइतकेच, कोणाला विचारायचे हेही महत्त्वाचे आहे. आपला हात साहजिकच गावातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूकडे जातो. माझे मत असे बनले आहे की उत्तम खेळाडू हा लहान मुलांसाठी उत्तम सोबती असतोच असे नाही. ज्याला सूर मारणे अंगभूत जमते, त्याला ते न जमणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची अडचण कळत नाही आणि तो चटकन वैतागतो. खो-खोत नऊ जण मैदानात उतरतात आणि राखीव गडी बाहेर बसून राहतात. बाहेर बसणाऱ्यांनी खेळ वर्षानुवर्षे निरखून पाहिलेला असतो, डावलले जाणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या लाजऱ्या मुलीकडे त्यांचेच लक्ष आधी जाते. आमच्या वर्गाचे सर्वांत भरवशाचे दोन स्वयंसेवक शाळेच्या संघात कायम राखीव राहिलेले आहेत.

भाषेचाही प्रश्न आहे आणि आमच्या भागात तो मोठा आहे. चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा समाजाचे पाडे आहेत आणि केळीच्या बागांवर सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमजुरीला, राहणाऱ्या अनेक कुटुंबांची मुले घरी पावरी बोलतात. ही मुले मैदानाच्या कडेला निंबाखाली उभी राहून पाहत असत. मराठीत बोलावले की दोन पावले मागे सरत. बारावीत शिकणारी एक पावरा मुलगी आमच्या वर्गात खेळायला येत होती. तिने एकदा त्यांच्याशी पावरीत चार वाक्ये बोलली आणि त्या संध्याकाळी ती मुले लंगडी घालत आत आली. तेव्हापासून त्या गटाची जबाबदारी तिच्याकडेच आहे. आम्ही तिला निवडले ते तिच्या खेळाकडे पाहून नव्हे. तिच्याजवळ जे होते ते आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. प्रत्येक गावात असे एखादे तरी दार असते, की जे बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला उघडत नाही आणि तिथल्या मुलाला सहज उघडते.

आता खुर्च्यांविषयी. गेल्या वर्षी आमच्या पाच-सहा स्वयंसेवकांना एका मोठ्या स्पर्धेच्या संयोजकांनी 'अनुभव मिळेल' म्हणून बोलावून घेतले. मुले आदल्या रात्रीपासून तेथे होती. त्यांनी मंडप बांधायला मदत केली, खुर्च्या उतरवल्या, पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या मांडल्या, सत्काराच्या शाली आणि नारळ तबकात लावले, दुपारभर उन्हात गाड्या लावून घेतल्या आणि संध्याकाळी उद्घाटनाची भाषणे संपेपर्यंत त्यांना एकही सामना पाहायला मिळाला नाही. गुणलेखकाशेजारी बसवतो असे सांगितले होते, ते राहूनच गेले. जेवण संपले होते. त्यांपैकी दोघे नंतर आमच्याकडेही आले नाहीत, आणि मला त्यात त्यांची काही चूक दिसत नाही. खुर्च्या उचलण्यात कमीपणा नाही, मीही उचलते. परंतु तरुणाला फक्त खुर्च्याच उचलायला बोलावणे म्हणजे हमालीचे पैसे वाचवणे आहे आणि मुलांना ते लगेच समजते. अशा निमंत्रणांना आम्ही आता आधी विचारतो: मुलांकडे नेमके कोणते काम असेल, ते कोण शिकवील, जेवण किती वाजता आणि परतीची सोय काय? उत्तर मिळाले नाही तर आम्ही मुले पाठवत नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या चषकाला झेंडे धरायला तर मुळीच नाही.

खरे काम म्हणजे ज्यात मुलाने निर्णय घ्यावा लागतो, असे काम. मैदान आखणे हे त्याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून ते जरा तपशिलात सांगते. मोठ्यांच्या खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर असते आणि मधल्या पाटीला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या असतात. चारही कोपरे काटकोनात आले नाहीत तर सगळे मैदान तिरके होते आणि एका बाजूच्या पळणाऱ्याला जास्त जागा मिळते. आम्ही टेप घेऊन घोळ घालत होतो तेव्हा दहावीत गणितात नापास झालेला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, 'ताई, माले येस हाई' (मला येतं हे). त्याचे वडील गवंडी आहेत. त्याने सुतळीवर तीन, चार आणि पाच मीटरची अंतरे सोडून गाठी मारल्या, तीन खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणून कोपरा गुण्यात आणला आणि मग तळाला भोके पाडलेल्या डब्यातून फक्की सोडत तो न थांबता रेषा मारत गेला. पायथागोरसचा सिद्धान्त त्याला पुस्तकात कधी समजला नव्हता; पायाखाली मात्र तो पक्का होता. मैदान आखण्याचे काम तेव्हापासून त्याचे आहे. तो आपल्या हाताखाली दोन लहान मुले घेतो आणि रेषा वाकडी गेली तर आम्हाला न विचारता पुसून पुन्हा मारतो. हजेरीची वही, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचा जार, छोट्यांचा गट अशी प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी नावावर असली पाहिजे, आणि एकदा ती सोपवली की आपण मध्ये हात घालू नये.

अर्थात शिट्टी हातात देऊन मोकळे होता येत नाही. नवा मुलगा किंवा मुलगी आली की पहिला महिना ती जुन्या स्वयंसेवकाबरोबर असते. या काळात गट कसा हलवावा, साखळी किंवा विषामृत यांसारख्या खेळांतून अंग कसे गरम करून घ्यावे, कोणत्या मुलाला सर्वांदेखत बोलू नये, हे ती पाहून शिकते. दर शनिवारी वर्ग संपल्यावर आम्ही अर्धा तास पायरीवर बसतो. मी त्या वेळी शक्यतो कमी बोलते. या आठवड्यात काय अवघड गेले, हा एकच प्रश्न असतो. 'मोठी पोरे ऐकत नाहीत', 'एक आई येऊन भांडली', 'माझ्या गटातला मुलगा रोज उपाशी येतो' अशा गोष्टी तेथेच बाहेर येतात. शेवटची गोष्ट एका सतरा वर्षांच्या मुलीने सांगितली होती, आणि त्यानंतर वर्ग सुरू होण्याआधी भिजवलेले हरभरे आणि गूळ देण्याची प्रथा पडली. ती कल्पना तिचीच. आम्ही फक्त किराणा दुकानात खाते उघडले.

सतरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आला, तेव्हा कायद्याचे बोलायलाच हवे, कारण या बाबतीत गावाकडे फार ढिलाई असते. सोळा-सतरा वर्षांचा स्वयंसेवक लहान मुलांपुढे 'दादा' असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतःच बालक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा धोका असल्याचे ज्याला कळते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. 'गावाचे नाव खराब होईल' हे कारण कायद्याला मान्य नाही. म्हणून आमच्याकडे काही गोष्टींना अपवाद नाही. एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस किंवा एकटा स्वयंसेवक कधीही बंद खोलीत राहत नाही. मुलींचे संघ बाहेरगावी गेले तर सोबत महिला असते. स्वयंसेवकाने लहान मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करायची नाही, निरोप पालकांच्या गटावर जातो. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक खोलीच्या दारावर रंगवलेला आहे. नव्या स्वयंसेवकाला हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते आणि त्याच्या पालकांसमोर सांगितले जाते. एक-दोन पालकांना सुरुवातीला हे ऐकून अवघडल्यासारखे झाले, पण मुलींच्या आया याच कारणाने मुलींना बिनधास्त पाठवू लागल्या.

मोटारसायकलीचेही तसेच. 'जा रे, पटकन गाडीवर जाऊन बर्फ घेऊन ये' असे आपण सोळा वर्षांच्या मुलाला सहज सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, केळीचे ट्रक धावणाऱ्या आमच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या मुलाला गाडी देऊन पाठवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

मुलींना स्वयंसेवक म्हणून आणायचे तर त्यांच्या घरी जावे लागते, याला पर्याय नाही. फोनवर हे काम होत नाही आणि पुरुष कार्यकर्त्याने एकट्याने जाऊनही होत नाही. मी आणि माझी एक सहकारी जातो, ओसरीवर बसतो, चहा होतो, कपाशीच्या भावाचे बोलणे होते आणि मग आप्पा किंवा नाना जे कोणी घरातले मोठे असतील ते विचारतात: किती वाजता सुटेल, येताना सोबत कोण आहे, मुलेही असतात का? या प्रश्नांवर चिडून उपयोग नाही. त्यांची सरळ उत्तरे असली पाहिजेत. आमचा मुलींचा वर्ग दिवेलागणीच्या आत संपतो, आणि शक्यतो एकाच गल्लीतल्या दोघींना आम्ही एकत्र घेतो. एकटी मुलगी फार टिकत नाही. सोबतीण आजारी पडली की तीही येत नाही हे खरे, पण दोघी असल्या की घरच्यांचा विरोध निम्मा होतो.

पैशाच्या बाबतीत आमचे धोरण सरळ आहे. स्वयंसेवकाला मानधन नाही, पण त्याच्या खिशातून एक रुपयाही जाता कामा नये. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा 'मुलींना तिकीट ते काय लागते' असे एक कार्यकर्ते म्हणाले; उरलेले निम्मे कोण भरणार हे त्यांनी सांगितले नाही. तालुक्याला स्पर्धेसाठी जाणाऱ्या प्रत्येकाला तिकीट आणि नाश्ता मिळतो आणि तो त्याच दिवशी रोख मिळतो, कारण सालदाराच्या मुलाला 'नंतर बिल दे' म्हणणे म्हणजे त्याला उधारीवर समाजसेवा करायला लावणे आहे. टी-शर्ट आणि शिट्टी आमची. बूट घेऊन देणे आम्हाला परवडत नाही, याचे मात्र वाईट वाटते.

उन्हाविषयी खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडेसे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नेमकी त्याच वेळी सुट्टी असल्याने सर्वांना शिबिरे घ्यायची असतात. आमचे उन्हाळी वर्ग सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच होतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असते. घाम थांबून अंग तापले, मूल असंबद्ध बोलू लागले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे आणि १०८ ला फोन करायचा, हेही. आणि हा नियम स्वयंसेवकांनाही लागू आहे, कारण मुलांना पाणी पाजता पाजता स्वतः दिवसभर न पिणारे तेच असतात.

बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक टिकत नाहीत याचे कारण मी शोधू लागले, तेव्हा मला सेवाभावापेक्षा पंचांगात ते जास्त सापडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापसाची वेचणी आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षा एकाच वेळी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावी. होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो आणि पावरा मुले आपापल्या पाड्यांवर जातात; तेव्हा ती वर्गाला यावीत अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांची वर्षे बदलतात, आणि बापाचे साल दुसऱ्या गावात ठरले की मुलगाही जातो. त्यानंतर लग्नसराई. भरतीची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. निघाली की धावणारी सगळी मुले दोन-तीन महिने दुसरे काही करत नाहीत. बारावीनंतर काही जण पुण्या-नाशिकला जातात, काही अमळनेरहून गाडी धरून सुरतेला कामाला जातात. हे सगळे धरून हिशेब केला तर वर्षभर रोज येणारा तरुण असा कोणी नसतोच. म्हणून आम्ही वर्षाची बांधिलकी मागणे सोडून दिले. तीन-तीन महिन्यांचे करार असतात, तोंडी नव्हे तर एका पानावर: काम, दिवस, वेळ, कोणाला विचारायचे आणि कोणत्या तारखेला मोकळे व्हायचे. मुदत संपली की पुन्हा विचारतो. मोकळे व्हायची तारीख कागदावर असली की मुले मध्येच गायब होत नाहीत. न सांगता निघून जाण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. परीक्षेसाठी गेलेला परत येतो, कारण तो पळून गेलेला नसतो.

मुलांना स्वतःसाठी काही मिळावे असे वाटते, यात स्वार्थ शोधणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची एकके आहेत. या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर असते. मैदानावरचे तास त्यात धरले जावेत यासाठी आम्ही सत्राच्या सुरुवातीलाच महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटतो. वर्षअखेर गेले तर कोणी ऐकत नाही आणि ते बरोबरच आहे. केंद्र सरकारचे 'मेरा युवा भारत' हे व्यासपीठ ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाले; तेथे १५ ते २९ वयोगटातील तरुणांना नोंदणी करता येते. आमचे प्रमाणपत्र आम्ही 'उत्कृष्ट कार्याबद्दल' अशा पोकळ भाषेत लिहीत नाही. 'जून ते ऑगस्ट, आठवड्यातून चार दिवस, आठ ते दहा वर्षांच्या पंधरा मुलांचा गट सांभाळला, हजेरी ठेवली, दोन सामन्यांत वेळाधिकारी म्हणून काम केले' असे लिहितो. मुलाखतीत हेच उपयोगी पडते, कारण पुढचा प्रश्न याच कागदावरून विचारला जातो आणि मुलाकडे त्याचे उत्तर असते. ज्यांना खेळातच राहायचे आहे, त्यांना पंच परीक्षेची तयारी करून घेतो. गावच्या सामन्यात प्रथम गुणलेखक, मग पंच, आणि पुरेसा धीर आल्यावर सरपंच (खो-खोत मुख्य पंचाला असे म्हणतात), अशी ती चढण आहे. मोठ्या माणसांच्या संघाला बाद देताना एकोणीस वर्षांच्या मुलीचा आवाज पहिल्यांदा कापतो. दुसऱ्या सामन्यात कापत नाही.

आधार देणे म्हणजे केवळ प्रमाणपत्र आणि नाश्ता नव्हे, हे भरतीचा निकाल लागतो तेव्हा कळते. दोन गुणांनी राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मैदानावर येत नाही. घरी 'एवढी वर्षे धावून काय मिळाले' हे सुरू झालेले असते. अशा वेळी आमच्यापैकी कोणीतरी त्याच्याकडे जातो, भरतीचा विषय न काढता बसतो, आणि लहान मुलांचा गट त्याची वाट पाहत आहे एवढे सांगून येतो. ते खरेच असते, मुले विचारतातच. एकदा एका मुलाची झोप उडाली होती, जेवण तुटले होते आणि बोलणे आम्हाला काळजीचे वाटले. तेव्हा त्याच्या भावाला विश्वासात घेतले, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या, क्रमांकावर त्याचे बोलणे करून दिले आणि पुढे शासकीय रुग्णालयात नेले. अशा गोष्टी मैदानावरच्या गप्पांनी बऱ्या होतात असा भ्रम आम्ही ठेवत नाही.

सर्वांत अवघड गळती मुलींची आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे पुरते उत्तर नाही. तीन वर्षे तयार झालेली, गट एकटीने सांभाळणारी, पंच परीक्षा दिलेली मुलगी वीस-एकविसाव्या वर्षी लग्न होऊन जाते आणि तिच्याबरोबर तिचे सगळे शिकलेले जाते. वर्गाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे त्यातले लहान नुकसान. निरोपाच्या वेळी साडी-बांगड्यांऐवजी आम्ही तिला शिट्टी, सविस्तर अनुभवपत्र आणि खेळांची वही देतो. सासरी या वस्तू पेटीतच राहत असतील असे मला वाटत असे. परंतु शहाद्याकडच्या एका गावात दिलेल्या मुलीचा या जुलैत फोन आला. तिच्या घरामागे जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवार आहे, नवऱ्याची हरकत नाही, सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत, आणि खांब किती उंचीचे करायचे ते तिला सुताराला सांगायचे होते. जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, जाडी ९ ते १० सेंटिमीटर, वरची कड गोल घासलेली, असे मी सांगितले, आणि सुताराकडे जाण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे व त्याच गल्लीतली दुसरी एखादी सून किंवा मुलगी सोबतीला शोध, असेही सांगितले. नणंद तयार आहे, असे ती म्हणाली.